'मार्शल लॉ' : शब्द आणि संदर्भ

अर्थ : लष्करी कायदा. मात्र ही कलमांची संहिता नव्हे. मुलकी सत्ता बाजूला सारून लष्करी अधिकाऱ्याचा हुकूमच कायदा ठरतो, ती स्थिती.

मूळ : रोमन युद्धदेव मार्स. 'फील्ड मार्शल'मधला मार्शल वेगळा. तो घोड्यांची निगा राखणाऱ्या सेवकावरून आला. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून संदर्भ पाहावा.

सोलापुरात : १२ मे १९३० रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. त्याच मे महिन्यातल्या उठावाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. सोलापूरकरांसाठी हा शब्द म्हणजे त्यांचं स्मरण.