सुरतेत कॅथलिक शाळा निवडताना

कॅथलिक शाळा म्हणजे कॅथलिक चर्चच्या अधिकाराखाली चालणारी शाळा. ती एखाद्या धर्मसंघाची असते, नाहीतर बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची. नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असले की शाळा कॅथलिक, असे पुष्कळ पालक धरून चालतात आणि तिथेच फसगत होते. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ८०३ व्या कलमाप्रमाणे, अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेला स्वतःला कॅथलिक म्हणवता येत नाही. संताचे नाव घ्यायला मात्र खासगी संस्थाचालकालाही कोणी अडवत नाही. शिवाय प्रत्येक ख्रिस्ती शाळा कॅथलिक नसते. सुरतेतल्या आय. पी. मिशन स्कूलचे मूळ आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहे, तर सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शाळा त्या पंथाची, दोन्ही प्रॉटेस्टंट. म्हणून चौकशी सुरू करावी ती ट्रस्टपासून: शाळा कोणत्या ट्रस्टची आणि तो ट्रस्ट कोणत्या संघाचा किंवा धर्मप्रांताचा?

कॅथलिक धर्मगुरू सुरतेला नवे नाहीत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी शहर लुटले, तेव्हा कॅप्युचिन संघाच्या फादर ॲम्ब्रोज यांच्या निवासाला धक्का लागला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नोंदवले आहे. घोडदोड रोडवरची सेंट झेवियर्स ही येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइटांची शाळा १९६३ ची. अठवा लाइन्सची लुर्ड्स कॉन्व्हेंटही शहरात परिचित आहे. येशूसंघाची स्थापना १५४० ची, आणि १५९९ मध्ये त्याने आपल्या शाळांसाठी लेखी शिक्षणक्रम ठरवला. त्यात रोजची उजळणी, वादविवाद आणि नाटक यांना जागा होती. येशूसंघाचे धर्मगुरू स्थानिक भाषेपासून दूर राहिले, असेही नाही. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवणारे स्पॅनिश फादर कार्लोस वॅलेस गुजरातीतले लोकप्रिय लेखक होते आणि १९७८ चे रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाले.

तरीही परंपरा थोर म्हणून आपल्या मुलाला ती शाळा मानवेलच, असे नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबे राहतात. घरात अहिराणी किंवा मराठी, रस्त्यावर गुजराती-हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी मुलाची कसरत चालते. महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेतून आठवी करून मूल थेट इंग्रजी माध्यमाच्या नववीत गेले, तर विज्ञान आणि सामाजिक शास्त्राची पुस्तके वाचतानाच त्याची दमछाक होते. हुशार मूलही अशा वेळी वर्गात गप्प बसू लागते. बदल करायचाच असेल तर तो लवकर केलेला बरा, आणि केल्यावर घरी मराठी वाचन सोडू नये. महाराष्ट्रातून नव्याने येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे: गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत, माध्यम किंवा बोर्ड कोणतेही असो, गुजराती शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक आहे.

धर्माचा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. तो मोकळेपणाने विचारावा. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलासाठी पालकाची संमती लागते. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि त्याच वेळी इतरांना नीतिशिक्षणाचा तास, अशी सोय अनेक शाळांत असते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सांगितले की, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या प्रार्थनासभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी. कॅथलिक कुटुंबाची अपेक्षा वेगळी असते. त्यांनी धर्मशिक्षण कोण देते आणि शाळेतच प्रथम कम्युनियनची तयारी होते की पॅरिशमध्ये, हे विचारून घ्यावे.

खर्चाच्या बाबतीत एका गैरसमजापोटी वर्ष वाया जाऊ शकते. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के मोफत जागा अल्पसंख्याक शाळांना, म्हणजे कॅथलिक शाळांनाही, लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ च्या प्रमाती निकालात तसे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालावर शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले, पण त्या आदेशाने निकाल बदललेला नाही. तेव्हा मोफत जागेच्या आशेवर अशी शाळा धरून बसू नये. अनुदानित वर्ग आणि विनाअनुदानित वर्ग यांच्या फीत मोठे अंतर असते. विनाअनुदानित शाळांच्या फीवर गुजरातच्या २०१७ च्या कायद्याने समिती नेमली आहे आणि सुरत विभागाची समिती वेगळी आहे. तिने मंजूर केलेला आकडा शाळेकडे मागावा, मग त्यावर गणवेश, पुस्तके, सहली आणि रिक्षा किंवा व्हॅनचे भाडे मिळवावे. लिंबायत रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आणि घोडदोड रोड पश्चिमेला. रोजचे जाणे-येणे मुलाचा वेळ आणि घरचा पैसा, दोन्ही खाते. आई-वडील लूम्सच्या बारा तासांच्या पाळीत असतील, तर मुलाला आणायला कोण जाणार, हेही आधीच ठरवावे लागते.

शाळेची खरी पारख दहावीच्या निकालाच्या फलकावर होत नाही. फलकावर पहिले दहा झळकतात; शेवटच्या दहांचे काय झाले, ते विचारावे. नववीत नापास झालेल्या मुलाला शाळा वर्षभर शिकवते, की दाखला हातावर ठेवते? जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून याचे उत्तर लगेच मिळते. ओळखीच्या मुलाची नववीची गणिताची वही मागून पाहावी. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते शिक्षकाने दाखवले आहे? दुर्बलाकडे आधी पाहावे, ही कॅथलिक शिक्षणाची स्वतःचीच शिकवण आहे. तेव्हा त्या शाळेला त्याच मापाने मोजणे योग्यच.

प्रवेशाचा मार्ग बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या वर्गातूनच जातो. गुजरातेत पहिलीसाठी १ जून रोजी मुलाला सहा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. नववीत जागा रिकामी झाली तरच नवे मूल घेतले जाते, म्हणून जूनची वाट न पाहता आधीच्या हिवाळ्यातच कार्यालयात चौकशी करावी. जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका लागतातच. कॅथलिक मुलांकडून बाप्तिस्म्याचा दाखलाही मागतात. अकरावीला विज्ञान शाखा हवी असेल, तर त्या शाळेत ती आहे का आणि स्वतःच्या दहावीच्या मुलांना तिथे किती टक्क्यांवर घेतात, हे आठवी-नववीतच विचारून ठेवावे.