जाहिरातीतला आकडा नको, दारातला स्टिकर बघा

अमेरिकेत पिकअपला कॅम्पर जोडून फिरायला निघणाऱ्यांनी जाहिरातीतल्या टोइंगच्या आकड्यावर अजिबात विसंबू नये. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, हे खास त्या गाडीपुरतं त्यावर छापलेलं असतं. हाच पेलोड, आणि बहुतेक वेळा तोच आधी संपतो!

समजा, गाडी ११,००० पौंड ओढते असा दावा आहे आणि पेलोड आहे १,५००. तुम्ही ८,००० पौंडांचा कॅम्पर जोडलात. त्याच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि कॅम्पर जोडणाऱ्या सांध्यावर येतो. १२ टक्के धरले तरी पेलोडमधले ९६० पौंड गेले, उरले ५४०. त्यात ड्रायव्हर धरून चौघं, कूलर, टूलबॉक्स, शिवाय हिचचं स्वतःचं वजन. कुठून पुरणार?

पण हिचवरचा भार कमी करायचा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलू नका हं! हिचवर भार कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो, आणि ते फार धोकादायक असतं.

निघण्याआधी सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी चढवाच. प्रत्येक अ‍ॅक्सलवरचा भार वेगळा कळतो. त्याची मर्यादाही दाराच्या चौकटीवरच लिहिलेली असते.