वाढत्या अंगाचं

सकाळी साडेसहा. रात्री धुऊन टॉवेलवर पसरलेला क्रोशाचा नमुना वाळलाय. पट्टी लावली. १० सेंटिमीटरांत १६ खांब, उभ्यात ९ ओळी. धुण्याआधी १७ खांब भरत होते. फरक एका खांबाचा, पण तेवढ्यानं स्वेटरच्या घेरात तीन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. म्हणून नमुना न धुता मोजायचा नाही.

ऑर्डर निफाडची आहे. नात वर्षाची, छाती ४५. आजींनी बजावलंय, "ताई, वाढत्या अंगाचं करा हं. दोन हिवाळे निघाले पाहिजेत." आमच्या नाशकात थंडी मिरवण्यापुरती, निफाडला डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांच्याही खाली घसरतो. तिथं स्वेटर खरोखर वापरला जातो.

सात ते साडेआठ डबे, पाणी, भांडी.

साडेआठ. गळ्यापासून सुरुवात. साखळी, तिच्यावर ४८ खांब: पुढचे दोन भाग आठ-आठांचे, बाह्या आठ-आठांच्या, पाठ सोळांची. या पाच भागांमध्ये चार कोपरे. दर ओळीला प्रत्येक कोपऱ्यात दोन खांब वाढवायचे, म्हणजे ओळीमागे आठ. दहा ओळींत ४८ चे १२८ होतात आणि खांदे आपोआप उतरते पडतात. कोपऱ्यांत रंगीत दोरा अडकवून ठेवते. फोन वाजला, दूधवाला आला, तरी कुठे होते ते दोरा सांगतो.

अकरा. एक ओळखीच्या बाई लोकर बघायला आल्या. "एवढी महाग? शरणपूर रोडला तिबेटियन मार्केटात अख्खा स्वेटर येतो की याच्या निम्म्यात." येतो, आणि चांगला येतो. रोज धुवायचा असेल तर मीही अ‍ॅक्रिलिकच सांगते; मशीनमध्ये टाकलं तरी आटत नाही. पण निफाडच्या आजी पहाटे नातीला मांडीवर घेऊन शेकोटीपाशी बसतात. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. शुद्ध लोकर चटकन पेट घेत नाही आणि वितळतही नाही. म्हणून २०० ग्रॅम शुद्ध लोकर, ५० ग्रॅमच्या चार लड्या, चारही एकाच लॉटच्या. टोचू नये म्हणून आतून सुती झबलं. धुवायची मात्र गार पाण्यात, न चोळता. गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होतो.

दुपारी एक. बाह्यांचे अठ्ठावीस-अठ्ठावीस खांब तसेच सोडले आणि काखेत पाच-पाच साखळ्या टाकून पुढचा-मागचा भाग जोडला. घेर ८२ खांब, सुमारे ५१ सेंटिमीटर. छातीपेक्षा सहा जास्त. वाढत्या अंगाचं ते एवढंच. आजींना याहून ढगळ हवं होतं, पण मला ते पटत नाही. ढगळ स्वेटरचा खांदा ओघळतो, पंजे बाहीत हरवतात आणि मूल रांगताना स्वतःच्याच कपड्यावर गुडघा देतं. पोर रुंदीपेक्षा उंचीत भराभर वाढतं. तेव्हा सोय लांबीत ठेवायची.

जेवण. अंगठ्याला तेल.

तीन ते सहा नुसत्या सरळ ओळी, पंधरा. हा दिवसातला सगळ्यात निवांत भाग; हात चालतो, कान रेडिओकडे. रंग गडद निळा, म्हणून दिवे लागायच्या आत संपवायचं. ट्यूबलाइटमध्ये गडद लोकरीचे टाके एकमेकांत मिसळतात. लडी संपली तिथं गाठ मारली नाही. लहान मुलाच्या अंगाला गाठ रुतते, आणि आत लोंबणाऱ्या टोकात बोट अडकतं. टोकं बोथट सुईनं उलटसुलट ओवून टाकली. बाह्या आणि बटणपट्टी उद्या.

रात्री आठ. आजींचा फोन. गळ्याला नाडी आणि गोंडे हवेत. नाही म्हणाले. नाडी मानेशी अडकते, गोंडा तोंडात जातो. पाच बटणं लावीन, ओढून बघून.

"बरं. मग उरलेल्या लोकरीची टोपी तरी करा."

"टोपी नको आजी, ती लडी तुमच्याकडेच ठेवा. स्वेटर वरून खाली विणलाय. क्रोशाचं काम शेवटाकडूनच उसवतं, म्हणजे खालची पट्टी आणि मनगटं. पुढच्या दिवाळीत पाठवून द्या, तेवढंच उसवून चार-चार ओळी वाढवते."

"आणि रंग? हा धुऊन विटेल, लडी नवीच राहील."

"स्वेटर धुवाल तेव्हा लडीही भिजवायची. दरवेळी."

"म्हणजे न घातलेलं पण धुवायचं?"

"हो."

"करते बाई," म्हणाल्या आणि दोऱ्याचा हिशेब विचारू लागल्या.