डिकीतली बॅटरी ब्रेक मारल्यावर कुठे जाते? कारमध्ये जड सामान बांधायची योग्य पद्धत

इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी साधारण ५० ते ६० किलोची असते. बऱ्याचदा आपण ती डिकीत ठेवतो, वर दोन पिशव्या टाकतो आणि निघतो. एवढी जड वस्तू कशाला हलतेय, असं वाटतं ना? पण ब्रेक चाकांना लागतो, सामानाला नाही. गाडी थांबली तरी बॅटरी आधीच्याच वेगाने पुढे जायला बघते.

आधी थोडं गणित

कचकन ब्रेक मारला की कारचा वेग साधारण ०.८ जी इतक्या दराने कमी होतो. म्हणजे ६० किलोची बॅटरी जवळपास ४८ किलोच्या जोराने पुढे ढकलली जाते. डिकीतल्या गुळगुळीत कार्पेटवरून सरकायला एवढं पुरेसं आहे.

आता धडक बघू. वेग ताशी ५० किमी आणि गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं, तर सरासरी २० जी येतात. ६० गुणिले २० म्हणजे १२०० किलोचा जोर! अख्ख्या छोट्या हॅचबॅकच्या वजनापेक्षा जास्त. आणि तो येतो मागे बसलेल्या माणसाच्या पाठीवर.

मागची सीट अडवेल की! हो, पण किती? संयुक्त राष्ट्रांच्या आर१७ या नियमात सीटच्या पाठीची चाचणी १८ किलोचे दोन ठोकळे डिकीत ठेवून, ताशी सुमारे ५० किमी वेगाने घेतात. आपली बॅटरी त्या दोन्ही ठोकळ्यांपेक्षा जड आहे.

मग करायचं काय?

१. जड वस्तू सगळ्यात खाली, मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवा. मध्ये फट राहिली तर वस्तू वेग घेऊन आदळते.

२. सीटची पाठ उभी आणि नीट लॉक झालेली हवी. मागे कोणी बसलं नसेल तरी त्या सीटचे बेल्ट लावून टाका, पाठीला आधार मिळतो. कोणी बसणार असेल, तर निदान वस्तूच्या बरोबर पुढे बसवू नका.

३. खाली रबरी मॅट टाका. घर्षण वाढतं, सरकणं कमी होतं.

४. रॅचेट पट्टा वापरा. त्याच्या लेबलवर 'एलसी' म्हणजे किती ताण सहन होतो ते लिहिलेलं असतं. २५० डीएएन म्हणजे साधारण २५० किलो. पट्टा डिकीतल्या धातूच्या कड्यांना अडकवा. पिशवी लटकवायचे प्लास्टिक हुक यासाठी नाहीत. बाइकवर वापरतो ती इलास्टिकची दोरीही नको, ती ताणली जाते.

५. बॅटरी उभीच ठेवा, नाहीतर ॲसिड सांडू शकतं. टर्मिनल झाका, म्हणजे पाना किंवा साखळी लागून शॉर्ट सर्किट होणार नाही.

६. मागच्या काचेखालच्या ट्रेवर काहीही जड ठेवू नका. पाण्याची भरलेली बाटलीसुद्धा नाही.

कारमध्ये कड्याच नसतील तर उरलेल्या जागेत तांदळाची पोती, गाद्या असं काहीतरी घट्ट भरा. तेही जमत नसेल तर सरळ छोटा टेम्पो करा. भाडं जाईल, पण मान वाचेल.

फोनवर स्वतः बघा

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप टाका आणि गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण दाखवणारा प्रयोग उघडा. फोन स्टँडमध्ये घट्ट बसवा. आकडे बाजूला बसलेल्याने बघायचे, गाडी चालवणाऱ्याने नाही! रोजच्या ब्रेकिंगमध्ये किती येतो ते बघा, ९.८ ने भागा, की झाले जी. त्याला सामानाच्या किलोंनी गुणा.

जो आकडा येईल, तेवढा जोर तुमचा पट्टा प्रत्येक सिग्नलला पेलणार आहे. धडकेत तो कितीतरी पट वाढतो. तेव्हा निघण्याआधी सामान हाताने जोरात ढकलून बघा. हललं, तर अजून आवळा.