आईचा मूक चेहरा

गैरसमज : एवढ्याशा जिवाला काय कळतंय? पोट भरलं की झालं.

वस्तुस्थिती : १९७०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं निर्विकार चेहऱ्याने नुसती बघत बसते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, हुंकारतं. दाद मिळेना म्हटल्यावर मान फिरवतं, मुसमुसतं. ही दोन मिनिटं. आईच्या नैराश्यामुळे घरात असं महिनोन्‌महिने चाललं, तर पुढे बोलणं उशिरा येणं, हट्टीपणा, वयात येताना नैराश्य यांची शक्यता वाढते. प्रत्येक मुलाचं तसंच होतं असं मात्र नाही.

गैरसमज : 'हिला लेकराची मायाच नाही!'

वस्तुस्थिती : नैराश्य आलेल्या आईलाही माया असते, पण उठून बसायचंही त्राण नसतं. गोव्यातल्या बाळंतिणींचा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि एक मुलगी असताना पुन्हा मुलगीच झाली, हेही होतं. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-मालिश होते; विचारपूस मात्र 'दूध येतंय ना?' इथेच थांबते. ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून का पडते, हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर 'आम्हीही पोरं काढली' हे ऐकवायला.

गैरसमज : एकदा खेकसलात की मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा.

वस्तुस्थिती : हे वाचून किती आया उगाच झुरत असतील! ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणात चांगल्या मायलेकरांचेही सूर जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ चुकतं, पुन्हा जुळतं. ते पुन्हा जुळणंच बंद पडलं, तर काळजीचं.

गैरसमज : आईची जागा कुणी घेऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : मूल एकाहून जास्त माणसांशी घट्ट जोडलं जातं, हे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२मध्येच दाखवून दिलं. त्यामुळे आजी, बाबा, मावशी यांनी बाळाला घेऊन बसणं ही आईवर मेहेरबानी नव्हे. पण आईला नैराश्य असेल, तर तिचा आजारही बघायला हवा, आणि दरवेळी त्यासाठी डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यात पुढे गरोदरपणात नैराश्य आलेल्या बायकांकडे 'सखी' जाऊ लागल्या. त्या आसपासच्याच साध्या बायका, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. घरी येऊन बसायच्या, बोलायच्या.