टाकाऊ लोकरीचं 'डबिंग' : करायला घेण्याआधी एवढं वाचा



डबिंग म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. पण गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या भाषेत डबिंग म्हणजे पिंजून, मिसळून तयार केलेली बारीक लोकर. त्याचे व्हिडिओ बघून काही जणी विचारतात, "ताई, हे आपल्याला जमेल का?" जमेल. पण खपेल का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

हे लागतं कशाला?

आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. इंग्लंडच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा पाण्यातले किडे खातो. म्हणून तिथले लोक गळावर दोरा, पीस आणि लोकर गुंडाळून किड्याची नक्कल करतात. तिला 'फ्लाय' म्हणजे नकली माशी म्हणतात. तिचं अंग डबिंगचं असतं. सुटे तंतू पाण्यात हलतात आणि माशाला तो खरा किडा वाटतो. आपल्या देशातही काश्मीर, हिमाचलच्या नद्यांत ट्राउट आहे.

किंमत लोकरीला नाही, मिश्रणाला

इंग्लंडमध्ये टिव्हर्टन गावात ऑस्टिन नावाचे तंबाखूचे दुकानदार होते. त्यांनी मेंढ्याच्या मागच्या मांड्यांमधली, कोणी हात लावणार नाही अशी लोकर स्वच्छ धुऊन त्यात दुसरे केस मिसळले. त्या माशीला मोठी मागणी आली. ते वारल्यावर त्यांच्या मुलीने तोच धंदा पुढे चालवला. लोकर कुणालाही मिळाली असती, पण मिश्रणाचं प्रमाण फार थोड्यांना माहीत होतं.

आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, घोंगडीला चांगली पण बाकी उठाव कमी. बऱ्याच प्रकारच्या डबिंगमध्ये थोडे राठ केस लागतात. त्यांना धरून ठेवायला मऊ लोकर मिसळायची. जुना लोकरी स्वेटर उसवला तरी चालतो. स्वेटर खरा लोकरीचा आहे का, ते एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरा झाला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिकचा धागा.

करायचं कसं?

१. लोकर रंगाप्रमाणे वेगळी करा. कुसळं, काटे, लेंड्या वेचून काढा.

२. कोमट पाण्यात रिठा घालून पंधरा-वीस मिनिटं भिजवा. चोळू नका, चोळली की लोकर जमून गठ्ठा होतो. तेवढ्याच कोमट पाण्यात खळबळून सावलीत वाळवा.

३. रंग हवा असेल तर कापण्याआधी द्या. तुरटी आणि कांद्याच्या सालींत पिवळा-तांबूस रंग चढतो. त्यासाठीचं भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.

४. लोकर साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करून कापा.

५. बरणीत पाणी, साबणाचे दोन थेंब आणि सगळे तंतू घालून जोरात हलवा. मग गाळून, धुऊन, पिळून वाळवा आणि बोटांनी मोकळं करा. रंग एकसारखा मिसळलेला दिसला पाहिजे.

६. तपासा. शिवणाच्या दोऱ्याला मेण लावा, चिमूटभर लोकर ठेवून एकाच दिशेने पिळा. वातीसारखी बारीक दोरी झाली आणि निसटली नाही तर माल चांगला. निसटली तर मऊ लोकर वाढवा.

प्रत्येक वेळी वजन वहीत लिहा : काळी किती, पांढरी किती, मऊ किती. नमुन्याची चिमूट त्याच पानावर चिकटवा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागेल तेव्हा तोच रंग देता आला पाहिजे. पंचसूत्रीत आपण नोंदींचा आग्रह धरतो, तो इथेही तितकाच खरा.

एक गोष्ट अजिबात करायची नाही

जुन्या कृतींमध्ये रानटी सशाचे केस सांगितलेले असतात. आपल्याकडे रानससा आणि मुंगूस यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांचे केस जमवणं, विकणं गुन्हा आहे. कोणी "केस आणून द्या, चांगला भाव देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा आणि गटात सांगा. एका पिशवीपायी अख्खा गट अडकेल. पाळीव मेंढीचीच लोकर वापरायची.

पैशाचं काय?

खरं सांगते, हे गिऱ्हाईक आपल्या आठवडे बाजारात नाही. ते थोडं आहे आणि लांब आहे. परदेशी माल पाठवायला कागदपत्रं, तपासण्या लागतात. म्हणून यासाठी अंतर्गत कर्ज आत्ता उचलू नका. "आधी यंत्र घ्या, माल आम्ही उचलू" असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे तर देऊच नका. घरातली कात्री आणि बरणी पुरते. आधी चार रंगांचे छोटे नमुने करा, भाव विचारा, लेखी मागणी आली की मग पुढचा विचार.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांनी मूठभर लोकर आणा. निवडणं, धुणं, मिसळणं सगळ्या मिळून करून बघू. मागणी नाही आली तरी लोकर निवडायची सवय उशी-गादी भरताना आणि घोंगडीच्या सुताला उपयोगी पडेल. आणि आपली लोकर नक्की कशी आहे, हे तरी आपल्याला कळेल.