पाणी चाळणारा पापुद्रा

मुलांनो, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं भांड्याच्या तळाशी पाणी दिसू लागतं. वरून पाण्याचा थेंबही कोणी घातलेला नसतो. मग ते आलं कुठून? कैरीतूनच! आता याच्या उलट करून बघा. मूठभर मनुका रात्री वाटीभर पाण्यात टाका. सकाळी त्या टम्म फुगलेल्या दिसतील. कैरीतून पाणी बाहेर आलं आणि मनुकेत पाणी आत गेलं. आहे की नाही गंमत?

दोन्ही ठिकाणी काम केलं ते एका अगदी पातळ पापुद्र्यानं. झाडाच्या, फळाच्या, आपल्या शरीराच्याही प्रत्येक पेशीभोवती असा पापुद्रा असतो. तो पाण्याला वाट देतो, पण मीठ-साखरेला सहजासहजी देत नाही. आणि पाण्याचा स्वभाव असा, की मधे असा पापुद्रा असला की जिकडे मीठ किंवा साखर जास्त, तिकडे ते जातं. वरच्या वर्गातल्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात ‘परासरण’ हा शब्द वाचला असेल. ते हेच.

१७४८ साली फ्रान्समधल्या नोले नावाच्या धर्मगुरूनं हे पहिल्यांदा नीट टिपून ठेवलं. त्यानं एका भांड्यात मद्यार्क भरला, तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा घट्ट बांधला आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी पाहतो तो पापुद्रा फुग्यासारखा वर आलेला! बाहेरचं पाणी आत शिरलं होतं, पण आतला मद्यार्क त्या मानानं बाहेर आला नव्हता.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आलं, हेच पाणी उलट दिशेनं ढकललं तर? खाऱ्या बाजूवर जोर लावायचा. पाणी पापुद्र्यातून पलीकडे येईल आणि मीठ मागं राहील. यालाच उलट परासरण म्हणतात. तुमच्या गावातल्या फिल्टरच्या टपरीवर ‘आर. ओ.’ ही अक्षरं लिहिलेली असतात ना, ती याचीच. बोलायला सोपं आहे, पण समुद्राच्या पाण्याला नुसतं थोपवून धरायलाच सुमारे २७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. म्हणजे साडेतीन कुतुबमिनार एकावर एक! आपल्या विंधन विहिरींचं पाणी त्या मानानं पुष्कळ कमी खारं, त्यामुळे तिथं एवढा जोर लागत नाही. तरीपण मूत्राशयाचा पापुद्रा तिथं किती टिकणार? माणसालाच नवा पापुद्रा तयार करावा लागला. तो त्यानं केला पॉलिमरपासून.

पॉलिमर म्हणजे काय? तुळजापूरला कवड्यांची माळ पाहिलीय ना? एकेक कवडी म्हणजे एक छोटा रेणू समजा. अशा हजारो कवड्या एका माळेत ओवल्या, की झाला पॉलिमर. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात. कॅरीबॅग, नायलॉनची दोरी, थंडीत घालायचा अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर, सगळे पॉलिमरच. कापूससुद्धा पॉलिमर, फक्त तो झाडानं केलेला.

१९६० च्या सुमाराला अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत दोघे जण या पापुद्र्याच्या मागं लागले होते. एक सिडनी लोब आणि दुसरे आपल्या भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन. सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या पॉलिमरचा पापुद्रा मीठ अडवतो हे तेव्हा ठाऊक झालं होतं. पण पाणी इतकं थेंबथेंब यायचं, की पेलाभर पाण्यासाठी दिवस मोजावे लागावेत. पापुद्रा पातळ केला तर तो फाटे, जाड केला तर पाणी येईना. मोठा पेच होता.

प्रयोग करताना या दोघांना एक विचित्र गोष्ट दिसली. पापुद्र्याची एक बाजू खाऱ्या पाण्याकडे केली तर काम छान व्हायचं. तोच पापुद्रा उलटा ठेवला तर सगळा विचका! म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. हाच धागा धरून त्यांनी मुद्दामच तसा पापुद्रा घडवला. पॉलिमरचं दाट द्रावण काचेवर पसरायचं, क्षणभर वारं लागू द्यायचं, मग बर्फासारख्या गार पाण्यात बुडवायचं आणि शेवटी गरम पाण्यात शेकायचं. झालं! वरची साय घट्ट आणि अतिशय पातळ, खालचा सगळा भाग स्पंजासारखा जाळीदार. मीठ अडवायचं काम साय करते आणि स्पंज तिला नुसता आधार देतो. पाणी पूर्वीच्या कितीतरी पट वेगानं येऊ लागलं.

या पापुद्र्याचा कारखाना प्रथम कुठं लागला माहीत आहे? कॅलिफोर्नियातल्याच कोअलिंगा नावाच्या छोट्या गावात, १९६५ साली. तिथलं जमिनीतलं पाणी इतकं खारं, की पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावं लागायचं. आमच्या धाराशिवकरांना हे वाचून काय आठवेल ते सांगायला नकोच! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी धावली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. ती गाडी आमच्या स्टेशनावरूनच पुढं गेली. त्या वर्षी आमच्याकडेही टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागल्या होत्या, आणि शाळेतली कितीतरी मुलं त्या रांगांतच उभी असायची.

आपल्या महाराष्ट्रातही असे पापुद्रे बनतात बरं का. पुण्याला पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० साली सुरू झालेली. तिथं डॉ. उल्हास खरुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी एक पापुद्रा विकसित केला. कशापासून? पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून. म्हणजे ज्याच्यापासून अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरची लोकर बनते, तेच! असा पापुद्रा करायची रीत बघाल तर आईच्या पापड्यांची आठवण होईल. पॉलिमरची पूड द्रवात विरघळवून घट्टसर चीक करायचा, तो कापडावर एकसारखा पसरायचा आणि पाण्यात बुडवायचा. पाणी लागताच त्याचा पापुद्रा धरतो आणि त्यात लाखो बारीक छिद्रं पडतात. फरक एवढाच, की पापडीला एखादं भोक पडलं तर ती तळून खाता येते. इथं मात्र कित्येक मीटर लांबीच्या पट्ट्यात एक भोक पडलं तरी सगळं वाया. जंतूला तेवढी वाट पुरे असते! म्हणून चीक किती घट्ट, पाणी किती गार, हवेत दमटपणा किती, हे सगळं पुन्हा पुन्हा मोजत बसावं लागतं.

या पापुद्र्याची छिद्रं इतकी लहान, की जिवाणूच काय, त्यांच्याहून कितीतरी लहान विषाणूही अडकून पडतात. आणि याला मोठा पंप लागत नाही, नळाच्या दाबावर, विजेशिवाय काम चालतं. आमच्याकडची वीज कधी येते, कधी जाते. त्यामुळे मला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण थांबा. हा पापुद्रा जंतू अडवतो, मीठ अडवत नाही. मिठाचे कण त्याच्या छिद्रांपुढे फारच छोटे. पालकांनीही हे ध्यानात घ्यावं. पाणी गढूळ किंवा जंतूंचं असेल तर हा पापुद्रा पुरतो. पाणी खारं असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तेव्हाच आर. ओ. हवा. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असलेलं पाणी प्यायला चांगलं मानतात. दुसरं चांगलं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तेव्हा आधी पाणी तपासून घ्यावं, यंत्राचं मग बघावं. पुष्कळ ठिकाणी नेमकं उलटं चालतं.

पाण्याखेरीज कारखान्यांनाही हे पापुद्रे हवे असतात, कारण उकळण्याचा खर्च वाचतो. भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या पाहिल्यात? दुधात शंभरात सत्त्याऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतं. ते उडवायला किती लाकूड जळतं! खव्याची ती खमंग चव विस्तवाशिवाय यायची नाही, हे खरं. पण मोठ्या डेअऱ्यांत चीज-पनीरच्या निवळीतली प्रथिनं पापुद्र्यानं, आगीशिवाय वेगळी काढतात. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून मद्यार्क काढल्यावर काळं, घाण वासाचं स्पेंटवॉश उरतं. तेही काही ठिकाणी असल्याच पापुद्र्यांतून गाळतात. दवाखान्यात मूत्रपिंडाच्या रुग्णाचं रक्त शुद्ध करणारं यंत्रही पापुद्र्यावरच चालतं. डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हॉलंडमध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याचं पहिलं यंत्र बनवलं. त्यासाठी त्यांनी वापरलं होतं सॉसेज नावाच्या खाद्यपदार्थाचं सेलोफेनचं वेष्टन!

हे सगळं मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगत होतो, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, पाणी गोड झालं, मग मीठ कुठं गेलं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. पापुद्रा मीठ नाहीसं करत नाही, नुसतं बाजूला सारतो. ते मीठ उरलेल्या पाण्यात जातं आणि ते पाणी आधीपेक्षा जास्त खारं होऊन दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. घरगुती यंत्रांत पुष्कळदा एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर असं बाहेर जातं. शिवाय पापुद्र्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो, शेवाळ धरतं, मग तो बदलावा लागतो आणि जुना कचऱ्यात जातो. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आता कमी पाणी वाया घालवणारे, लवकर न तुंबणारे पापुद्रे शोधताहेत. दुष्काळी भागाला याची गरज सगळ्यात जास्त.

तोवर तुम्ही एक करा. घरी किंवा गावात आर. ओ. यंत्र असेल तर मोठ्यांना सोबत घेऊन ती दुसरी नळी शोधा. तिच्याखाली बादली ठेवा. एक घागर चांगलं पाणी भरेपर्यंत बादलीत किती पाणी येतं ते मापानं मोजून वहीत लिहा. ते पाणी प्यायला घ्यायचं नाही हं! फरशी पुसायला, संडासात ओतायला चालतं. फार खारं नसेल तर भांडीही घासता येतात. झाडांना मात्र रोज घालू नका. का, ते कैरीच्या फोडी आठवून तुम्हीच सांगा.